अँजेला त्रिंदाद: वडिलांच्या नावामागे राहिलेली आधुनिक चित्रकार

पणजीच्या फोंताइन्हास भागातील फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जो त्रिंदाद संग्रह आहे, तो प्रामुख्याने आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या नावाने ओळखला जातो. सांगे येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या या व्यक्तिचित्रकाराला ‘पूर्वेचा रेम्ब्राँ’ म्हटले जाई. त्याच संग्रहात त्यांची कन्या अँजेला (१९०९–१९८०) यांचीही चित्रे आहेत, आणि ती स्वतंत्रपणे पाहण्यास आपण फार उशीर केला आहे.

अँजेलाही जे. जे.मध्येच शिकल्या. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या संचालकपदाच्या त्या काळात तेथे भारतीय शैलीच्या पुनरुज्जीवनाचे वारे होते. वडिलांच्या वास्तवदर्शी वळणापासून दूर जात त्यांनी साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मारिया, म्हणजे येशूची आई, रंगवली. याच वाटेने गेलेले गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांना गोव्यात इतका विरोध झाला, की त्यांना पुण्यात राहावे लागले. अँजेलांच्या चित्रांना ख्रिस्ती जगतात मान मिळाला खरा, परंतु त्यामुळेच ‘धार्मिक चित्रे’ असा शिक्का त्यांच्यावर बसला असावा, असे मला वाटते.

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्याचे प्रवर्तक फ्रान्सिस न्यूटन सोझा हे साळगावचे. संस्थापक सहा जणांत एकही स्त्री नव्हती. आधुनिक भारतीय चित्रकलेची कथा पुढे या गटाभोवतीच सांगितली गेली आणि देवाधर्माचे विषय हाताळणाऱ्या, वयाने थोड्या वडील असलेल्या या चित्रकर्तीला त्या कथेत जागा उरली नाही.

त्या मात्र थांबल्या नव्हत्या. उत्तरायुष्यात, अमेरिकेतील वास्तव्यात, त्यांनी आकृती त्रिकोणांत विभागून रचण्याची स्वतःची पद्धत घडवली आणि तिला ‘त्रिंदादिझम’ हे नाव दिले. पोर्तुगीजमध्ये ‘त्रिंदाद’ म्हणजे पवित्र त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे ख्रिस्ती श्रद्धेतील एकाच देवाचे त्रिरूप. वडिलांकडून आलेले आडनाव, श्रद्धेचा गाभा आणि अमूर्ताकडे झुकणारी भूमिती यांना एकाच शब्दात बांधणारी ही कल्पना माझ्या मते त्यांच्या आधुनिकतेचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

ही चित्रे कुटुंबाच्या न्यासामार्फत वडिलांच्या चित्रांसोबत गोव्यात आली, म्हणून ती टिकली. पण पाहिली गेली तीही बहुधा वडिलांच्या ओघातच. मांडवीपलीकडे पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये फोन्सेकांची चित्रे आहेत. अँजेलांची मारिया त्या चित्रांशेजारी ठेवून पाहिली, तर तुलनेसाठी वडिलांकडे वळावे लागणार नाही.