रफ आणि गोलिया: चित्रातल्या पांढऱ्या कॉलरी कशा ओळखाव्यात

सतराव्या शतकातली डच आणि स्पॅनिश व्यक्तिचित्रं शेजारीशेजारी ठेवली, तर सगळी माणसं एकाच घराण्यातली वाटतात. अंगात काळे कपडे, गळ्याशी पांढरं काहीतरी. साधी, धार्मिक वृत्तीची माणसं असावीत, असा आपला समज होतो. पण पक्का काळा रंग तेव्हा महाग होता. अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींतून येणारं रंगाचं लाकूड त्यासाठी लागे. स्वस्तातला काळा लवकर विटून तपकिरी पडे. तेव्हा काळ्यात उभा असलेला माणूस पैसेवाला, एवढं धरून चालायचं. पुढचं कॉलर सांगते.

रफ म्हणजे चुण्यांची गोल कॉलर. मीटरच्या मीटर तलम लिनन, त्याला खळ, मग तापवलेल्या सळ्यांनी एकेक चुणी बसवायची. त्याआधी कापड पांढरंशुभ्र करायचं. हॉलंडमधल्या हार्लेम शहराच्या धोबीमैदानांवर लिनन ताकात भिजवून उन्हात पसरत. डच चित्रकार रॉइसडालच्या निसर्गचित्रांत ते पांढरे पट्टे आजही दिसतात. त्यात ती घातल्यावर मान वाकवता येत नाही. म्हणजे रफ घातलेल्या माणसाच्या घरी राबणारे हात दुसऱ्याचे आहेत, हे पाहणाऱ्याला न सांगता कळे. मला हे श्रम त्या चित्रातल्या दागिन्यांपेक्षा जास्त बोलके वाटतात.

गोलियात चुण्याच नसतात. आत पुठ्ठा, त्यावर कापड मढवलेलं आणि वर साधी, सपाट पांढरी कॉलर. स्पेनचा राजा चौथा फेलिपे याने १६२३ मध्ये उधळपट्टीला आळा घालण्यासाठी रफवर बंदी आणली आणि स्वतः गोलिया घालू लागला. त्याचा दरबारी चित्रकार वेलाझ्केझने रंगवलेला तरुण फेलिपे पाहा: काळा पोशाख, हातात कागद, डोक्यावर मुकुट नाही. राजा आपलाच कायदा पाळतो, हे त्यातून प्रजेला दिसतं. शिवाय ज्याला कुणापुढे काही सिद्ध करायचं नाही, त्यालाच इतकं साधं राहणं परवडतं.

हॉलंडमध्ये राजा नव्हता, व्यापारी होते, आणि त्यांना बरंच सिद्ध करायचं होतं. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३४ मध्ये रंगवलेला मार्टेन सोलमान्स हा साखर कारखानदाराचा मुलगा. तरी चित्र पूर्णाकृती, एरवी राजेरजवाड्यांचं असतं तसं. बुटांवर लेसची भलीमोठी फुलं. गळ्यात मात्र रफ नाही, खांद्यांवर पसरलेली लेसची कॉलर आहे; तरुणांमध्ये तोवर रफ मागे पडू लागली होती.

इथेच फसायला होतं. रेम्ब्रांटनेच सुमारे १६६१ मध्ये रंगवलेल्या मार्गारेटा द खेअर या वृद्ध, गडगंज बाईच्या गळ्यात जुनी, जात्याएवढी रफ आहे. फॅशन जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तिची श्रीमंती कालपरवाची नाही, हे ती कॉलर ठणकावून सांगते.

म्हणून स्पॅनिश दरबारी चित्रात रफ दिसली, तर ते बहुधा १६२३ च्या आधीचं. डच चित्रात मात्र तारखेचा अंदाज बांधण्याआधी माणसाचं वय पाहावं लागतं.