लाल डोळा घेऊन येताय? मग घातलेल्या थेंबांची बाटलीपण घेऊन या

हा कागद फाईलमध्ये घालून द्यायला लागलो त्याचं कारण रोज सकाळी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेलं असतं. डोळा लालभडक, हातात रुमाल. विचारलं, "काय घातलंत डोळ्यात?" की पहिलं उत्तर, "काय नाय." मग मशीनला हनुवटी टेकवली की हळूच, "ते म्हणजे शेजारच्या काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं ना, तिचे थेंब उरलेले, ते घातले तीन-चार दिवस." कुठले थेंब? "पांढरी छोटी बाटली." अहो, सगळ्याच बाटल्या पांढऱ्या आणि छोट्या असतात!

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. डोळ्याची सूज उतरावी म्हणून ते दिलेलं असतं आणि त्या पेशंटला ते पाहिजेच. पण तेच तुमच्या लाल डोळ्यात घातलं की लाली उतरते, दुखणं कमी होतं आणि तुम्हाला वाटतं गुण आला. आजार मात्र होता तिथेच असतो, कधी कधी आत पसरत पण असतो, फक्त आता तो तुम्हालाही दिसत नाही आणि आम्हालाही धड दिसत नाही. आमचा वेळ जातो तो इथेच, पाच मिनिटांत कळलं असतं ते शोधायला मग दोन-तीन फेऱ्या होतात आणि त्या फेऱ्यांचं पेट्रोल तुमचंच जळतं.

डोळा लाल होणं म्हणजे काही एक आजार नव्हे. डोळे येतात ते बहुतेक वेळा व्हायरसने. आधी एक डोळा, दोन-चार दिवसांनी दुसरा, पाणी गळतं, सकाळी पापण्या चिकटतात, कधी कानापुढे गाठ दुखते. 2023 च्या पावसाळ्यात जी साथ आली ती सगळ्यांना आठवत असेल, घरात एकाला झालं की रांगेने सगळ्यांना. नुसतं डोळ्यात बघून ते लागत नाही, हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यातून लागतं, त्यामुळे काळा चष्मा लावून फिरण्यापेक्षा हात धुतलेले बरे. अ‍ॅलर्जीचा डोळा वेगळा, त्यात दुखण्यापेक्षा खाज जास्त आणि पोरं मुठीने चोळत बसतात. आणि ज्याला आम्ही घाबरतो तो तिसरा प्रकार: डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते. यात बुबुळावरची जखम येते, आतली सूज येते, काचबिंदूचा अचानक आलेला झटकापण येतो, ज्यात डोकं ठणकतं, उलट्या होतात आणि लोक पित्त समजून गोळी घेतात.

आरशात हे सगळे सारखेच लाल दिसतात. म्हणून आम्ही पिवळ्या रंगाची पट्टी डोळ्याला लावतो आणि निळ्या उजेडात बघतो, जखम असेल तर ती हिरवी चमकते. नागिणीच्या जातीतल्या हर्पिस व्हायरसची जखम झाडाच्या फांदीसारखी दिसते, एकदा बघितली की विसरत नाही, आणि नेमकं स्टेरॉइड घातलं की ती फांदी पसरून मोठा चट्टा होतो.

सत्तरी तालुक्यातले एक काका आलेले. भात कापताना कूस, म्हणजे कुसळ, डोळ्यात गेलं, गावातल्याच कोणाकडचे उरलेले थेंब घातले, आठवडाभर बरं वाटलं. आमच्याकडे पोचले तेव्हा बुबुळावर पांढरा डाग. झाडपाला, भाताचं कूस, सुपारीची झावळी असलं काही लागून झालेल्या जखमेत बुरशी धरू शकते, आणि बुरशीला स्टेरॉइड म्हणजे खतच. जखम खरवडून काचपट्टीवर बघितली, बुरशीच निघाली. नॅटामायसीनचे थेंब आधी तासातासाला, मग हळूहळू कमी करत दीड महिना. डोळा वाचला, पण डाग राहिला आणि त्या डोळ्याने आता पेपर वाचता येत नाही. पहिल्या दिवशी आले असते तर, असं मी त्यांना म्हटलं नाही, त्यांना ते कळलेलं होतं.

पोरांचंपण बघा. दर उन्हाळ्यात खाज येते म्हणून एकदा लिहून दिलेली बाटली मेडिकलमधून परत परत आणली जाते. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही आहे का ते वाचा, नावाच्या शेपटीला डी किंवा डीएक्स असेल तरी विचारा. महिनोन्‌महिने घातलं तर काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो, साधारण 10 ते 21 च्या मध्ये पाहिजे तो चाळिशीत जातो, दुखत नाही, कळत नाही आणि आतली नस सुकत जाते. शाळकरी पोराला काचबिंदू झालाय हे आईबापांना सांगायचं काम कोणावर येऊ नये.

आता थोडं आमच्या बाजूने. काही जण बाहेर जाऊन म्हणतात, "एवढी फी घेतली आणि नुसते पाण्याचे थेंब दिले." बरोबर आहे, दिले. व्हायरसचे डोळे आठवडा-दोन आठवड्यांत आपले आपण बरे होतात, अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही, तिथे मी चार बाटल्या लिहून दिल्या तर फायदा मेडिकलचा. फी घेतो ती बाकीचं काही नाही ना हे बघायची, आणि एका आठवड्यात परत दाखवायला आलात तर त्याचे पैसे घेत नाही हे पण जरा बाहेर सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून औषध सांगत नाही तेही याचसाठी. फांदीसारखी जखम फोटोत येत नाही.

वेल्डिंग करणाऱ्या पोरांना वेगळं सांगतो. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं तेव्हा बधिर करायचे थेंब कुठूनतरी मिळवून घालू नका. ते आम्ही कण काढताना एकदाच घालतो, घरी घालत राहिलात तर जखम भरतच नाही. आणि गुलाबपाणी, मध, आईचं दूध, काहीच नको.

पाणी मात्र घाला, एका वेळी नक्की. चवथीआधी घर रंगवताना चुना उडाला, काजूच्या बोंडल्याबियांच्या कामात बियांच्या सालीचं तेल उडालं, अ‍ॅसिड, फिनाईल काहीही, तर आधी आम्हाला फोन करत बसू नका, नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि मग या. रात्रीचं असेल तर सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा, सकाळपर्यंत थांबू नका.

मधुमेहवाल्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, नजर चांगली असली तरी. थेंब घातल्यावर अर्धा तास बसावं लागतं आणि पुढे चार-सहा तास धूसर दिसतं, म्हणून स्कूटर घेऊन एकटे येऊ नका, घरच्या कोणाला तरी घेऊन या नाहीतर कदंबा बसने या. बसल्या बसल्या बाजूच्या काउंटरवर फ्रेम बघायला हरकत नाही, पण नंबर त्या दिवशी काढणार नाही, दुसऱ्या दिवशी या. लगेच काढून दिला तर चष्मा विकला जाईल पण चुकीचा विकला जाईल.

आमच्याकडून नेलेली बाटली उघडली की तारीख पेनाने लिहा, महिन्याने टाकून द्या, काकीला देऊ नका. आणि येताना बाटली, ती नसेल तर खोकं, तेपण नसेल तर मेडिकलचं बिल आणा. मोबाईलवर फोटो काढून आणलात तरी चालेल, फक्त लेबलाचा काढा, डोळ्याचा नको.