फुगा-साहाय्यित ड्रोन

हेलियम किंवा हायड्रोजन भरलेल्या फुग्याला टांगून वर नेलेले आणि ठरलेल्या उंचीवर सोडून दिलेले मानवरहित विमान. मुख्य उपयोग २० ते ३० किमी. उंचीवर, म्हणजे स्थितांबरात. स्वतःच्या बळावर एवढे वर जाणे फार थोड्या विमानांना साधले आहे. नासाचे सौरविमान हेलिओस २००१ मध्ये २९,५२४ मी. उंचीवर पोचले, पण त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ७५ मी. होता. फुगा मिळाला, तर काही किलो वजनाचे ग्लायडरही त्या उंचीवर जाते. चढण्याचे इंधन किंवा बॅटरी खर्ची पडत नाही.

हवामान-निरीक्षणासाठी वापरतात तसा लॅटेक्सचा फुगा सेकंदाला साधारण ५ मी. चढतो. बाहेरचा दाब घटेल तसा तो फुगत जाऊन शेवटी फुटतो, म्हणून ड्रोन त्याआधीच सुटावे लागते. सोडण्याची युक्ती अगदी साधी: दोरीभोवती निक्रोमची तार गुंडाळतात, वीज सोडताच ती तापून नायलॉन वितळवते.

अवघड भाग त्यानंतरचा. ३० किमी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दीड टक्क्याच्या आसपास असते. त्यामुळे जमिनीलगत सेकंदाला १० मी. वेगाने तरंगणाऱ्या ग्लायडरला तिथे सुमारे ८० मी. वेग लागतो. तो मिळेपर्यंत, म्हणजे निदान आठ सेकंद, ते उडत नसते, नुसते पडत असते. सुकाणू फिरवूनही फारसा उपयोग होत नाही. सुटताना फुग्याखाली झोके खात असेल, तर गिरकीत सापडते. सूर मारण्यातून घाईने वर ओढले, तर पंखांवर ताण येतो. उशीर केला, तर वेग हाताबाहेर जातो. प्रकल्प फसतात ते बहुधा इथेच, फुग्यापाशी नव्हे.

उणे ५० अंशांच्या आसपासच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि सर्वोमधले (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरमधले) ग्रीस घट्ट होते. उलट, विरळ हवा उष्णता वाहून नेत नसल्याने मोटर तापते. काही जीपीएस रिसीव्हर निर्यात-निर्बंधांमुळे १८ किमी.वर स्थान दाखवणेच थांबवतात. खरेदीआधी हे तपासलेले बरे. परतताना १० ते १२ किमी. उंचीवरचे जोरदार वारे हलक्या ग्लायडरला उलट्या दिशेने ढकलू शकतात.

मंगळावरची हवाही अशीच विरळ असल्याने नासाने २००२ मध्ये एरिस या नियोजित मंगळविमानाची निम्म्या आकाराची प्रतिकृती फुग्यातून ३१ किमी.हून अधिक उंचीवर सोडून पाहिली. चाचणी यशस्वी झाली. मोहिमेसाठी मात्र निवड झाली फीनिक्स यानाची.