जुन्या स्पोर्ट्स कारच्या रंगाचे घरगुती पुनरुज्जीवन

गाडीवरचा मूळ रंग खरवडून न काढता त्यावर चिकटलेला मळ, उन्हाने निर्जीव झालेला वरचा थर आणि बारीक ओरखडे दूर करून रंगाची खोली व चकाकी परत आणण्याच्या कामाला रंगाचे पुनरुज्जीवन म्हणतात. गाडी नव्याने रंगवणे ही निराळी प्रक्रिया आहे. पुनरुज्जीवनात नवा रंग क्वचितच चढतो. असलेल्याच रंगाचा अतिशय पातळ थर उतरतो, आणि म्हणून चकाकी किती आली यापेक्षा ती आणताना किती रंग खर्ची पडला यावरून कामाची पारख करणे योग्य ठरते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर म्हणजे पत्र्यावरचा पहिला अस्तर-थर धरून रंगाची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि वर पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट असेल, तर त्याच्या वाट्याला यांतले जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन येतात. जुन्या गाडीवर आधीच्या मालकांनी किती वेळा बफिंग म्हणजे यंत्राने घासून चकाकी करून घेतली हे बहुधा सांगता येत नाही, त्यामुळे हाताशी असलेली शिल्लक नेहमी कमीच धरावी.

कामाची पद्धत रंगाच्या जातीवर ठरते. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने (झटपट वाळणाऱ्या रंगाने), दिवसच्या दिवस वाळत राहणाऱ्या व्हार्निशाची जागा घेतली. पुढे अल्किड एनॅमल आणि १९५० च्या दशकात ॲक्रिलिक लॅकर आले. या सर्व रंगांत रंगद्रव्य अगदी वरच्या पृष्ठभागापर्यंत असते. खाली रंगाचा आणि वर क्लिअर कोटचा थर देण्याची पद्धत १९८० च्या दशकात सर्रास झाली. आपल्या गाडीवर कोणता रंग आहे हे ओळखण्यासाठी दाराच्या आतल्या बाजूसारख्या आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासून पाहावे: फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर तो एकथरी म्हणजे वर क्लिअर कोट नसलेला, फडके पांढरेच राहिले, तर वर क्लिअर कोट आहे. मात्र मधल्या काळात गाडी एकदा रंगवली गेली असेल, तर एका भागावरची परीक्षा दुसऱ्या भागाला लागू पडत नाही, म्हणून बॉनेट, छत, दारे आणि डिकी स्वतंत्रपणे तपासावी. जाडी मोजण्यासाठी मिळणारे साधे चुंबकीय मापक फक्त पोलादी पत्र्यावर चालते. ॲल्युमिनियमसाठी वेगळे मापक लागते, आणि १९५३ पासून फायबरग्लासच्या बॉडीत बनणाऱ्या शेव्हरोले कॉर्व्हेटसारख्या गाडीवर श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या मापकाखेरीज काहीच उपयोगी पडत नाही.

एकथरी रंग उन्हात खडूसारखा पांढुरका पडतो. अतिनील किरणांनी रंगातील राळ तुटते, रंगद्रव्याचे कण सुटे होतात, आणि खडबडीत, सच्छिद्र झालेला पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो. लाल गाडी गुलाबी दिसू लागते ती पुष्कळदा यामुळेच. अशा रंगाला थेट यंत्र लावण्याची घाई करू नये. आधी तेलांनी समृद्ध असे ग्लेझ म्हणजे न घासणारे मलमासारखे पॉलिश मऊ सुती फडक्याने भरपूर चोळून काही तास, शक्य तर रात्रभर, तसेच राहू द्यावे. सच्छिद्र थर ते तेल शोषून घेतो, रंग पुष्कळ गडद होतो, आणि नंतरच्या पॉलिशला वंगणही मिळते. कित्येकदा एवढ्यावरच निम्मे काम होते, आणि झीज जवळपास होतच नाही. ही जुनी, सावकाश पद्धत मागे पडली हे या क्षेत्राचे मोठे नुकसान आहे.

प्रत्यक्ष काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. धुताना साबणाची आणि फडके विसळण्याची बादली वेगळी ठेवावी. ब्रेकमधून उडून रुतलेले लोहकण विरघळवणारे द्रावण मारले की ते जांभळे होऊन ओघळते. उरलेला खरखरीतपणा भरपूर वंगण घालून क्ले बारने म्हणजे मळ उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढावा. त्यानंतर दीड-दोन वीत चौरस जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचे पॅड वापरून चाचणी घ्यावी, आणि ते पुरले नाही तरच तीव्र कंपाउंडकडे म्हणजे अधिक खरखरीत पॉलिशकडे वळावे. घरच्या कामाला फिरता-फिरता डोलणारे ड्युअल ॲक्शन यंत्र बरे. एकाच अक्षाभोवती फिरणारे रोटरी यंत्र अननुभवी हातात क्षणात उष्णता साठवून रंग जाळते. एकथरी लाल रंगावर पहिल्याच फेरीत पॅड रक्तासारखे लाल होते. हे स्वाभाविक आहे, परंतु पॅड ब्रशने वारंवार साफ केले नाही, तर सुटलेला रंग त्यात घट्ट होऊन नवे ओरखडे पाडतो. कडा, घड्या आणि बॉनेटच्या उभारलेल्या रेषांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून तेथे मास्किंग टेप लावून हातानेच काम उरकावे. एकथरी मेटॅलिक रंग वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या घासकागदाने) घासू नये, कारण त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या उघड्या पडून डाग दिसू लागतात.

काही दोष पॉलिशने जात नाहीत. पापुद्रे सुटलेला क्लिअर कोट किंवा खोलवर तडकलेले लॅकर यांना नवा रंग देण्यावाचून इलाज नाही. दगड लागून उडालेले टवके मात्र गाडीच्या रंगक्रमांकाचा टचअप म्हणजे डागडुजीचा रंग पातळ थरांनी भरून, पूर्ण वाळल्यावर बारीक वॉटर पेपरने सपाट करता येतात; गंज दिसला, तर तो आधी धातूपर्यंत काढावा. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात, म्हणून कोरडे घासणे टाळावे आणि मुखवटा लावावा. दोन घटकांच्या क्लिअर कोटच्या कठिणकात (हार्डनरमध्ये) आयसोसायनेटे ही घातक रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मुखवटा पुरत नाही, त्यामुळे ते काम बाहेरून हवा पुरवणाऱ्या साधनांसह रंगशाळेतच व्हावे.

उजळलेल्या रंगावर कार्नोबा हे वनस्पतिजन्य मेण किंवा सीलंट म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप लावतात. मेण उन्हात व पावसात काही आठवड्यांतच विरू लागते. सीलंट त्याहून बरेच जास्त टिकते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर मेणापेक्षा सावली अधिक उपयोगी पडते, आणि कापडी आच्छादन घालायचे असल्यास ते धुळीवरून ओढले जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण तसे झाल्यास नुकत्याच काढलेल्या ओरखड्यांची जागा नवे ओरखडे घेतात.