कॉर्डन केलेला नोड रिकामा नसतो

कुबरनेटीसचा (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचा) वर्कर नोड, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं मशीन, अपग्रेड करताना ‘कॉर्डन केलाय, आता रीबूट करतो’ असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. कृपा करून करू नका.

कॉर्डन म्हणजे नोडवर ‘नवे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) घेणे बंद’ ही पाटी. चालू असलेल्या पॉडना तिने काहीच होत नाही.

गोंधळाचं मूळ वेगळंच आहे. क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा एजंट) रीस्टार्ट केल्यावर कंटेनर सहसा चालूच राहतात. त्यामुळे पॅच व्हर्जन चढवताना नुसत्या कॉर्डनवर भागतं आणि तीच सवय लागते. पण १.३१ वरून १.३२ असं मायनर व्हर्जन बदलताना पॉड नोडवर ठेवून क्युबलेट बदलणं समर्थित नाही. रीबूट केलात तर सगळे पॉड एका फटक्यात पडतात आणि पॉड डिसरप्शन बजेटला (एका वेळी किती पॉड बंद होऊ द्यायचे या मर्यादेला) कोणी विचारतही नाही. वर, नोड ‘नॉट रेडी’ झाल्यावरही पॉड डीफॉल्टने ३०० सेकंद त्याच्याच नावावर राहतात. तोवर त्यांच्या जागी दुसरीकडे नवे उभे राहत नाहीत.

नोड रिकामा करतो तो ‘ड्रेन’. तो आधी स्वतःच कॉर्डन करतो, मग प्रत्येक पॉडसाठी एव्हिक्शन (नोडवरून काढण्याची मुभा) मागतो. बजेट आड आलं की ५ सेकंदांनी पुन्हा मागतो. ‘ड्रेन पॉड हलवतो’ हेही चूक. जुना पॉड संपतो, रेप्लिकासेट (पॉडच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, ठरलेल्या संख्येत राखणारा कंट्रोलर) नवा उभारतो. रेप्लिका एकच असेल तर मधल्या वेळात सेवा बंद.

रेप्लिका ३ आणि मिन-अव्हेलेबलही (बजेटमधली ‘किमान इतके चालू हवेत’ ही संख्या) ३ असेल तर ड्रेन अडकतो, आणि टाइमआउट दिला नसेल तर अडकूनच राहतो. इथे लोक ड्रेनला ‘फोर्स’ हा पर्याय लावतात! फोर्सचा बजेटशी काही संबंध नाही. ज्यांना कंट्रोलर नाही असे सुटे पॉड तो कायमचे घालवतो. बजेट डावलतो तो ‘डिसेबल-एव्हिक्शन’, आणि तोही नकोच. मिन-अव्हेलेबल २ करा.

क्युबॲडम या साधनाने उभारलेल्या क्लस्टरवर कंट्रोल प्लेन (क्लस्टरचं नियंत्रण करणारा भाग) आधी चढवलेलं हवं. मग नोडवर नवं क्युबॲडम, ‘क्युबॲडम अपग्रेड नोड’, ‘इग्नोअर-डेमनसेट्स’ लावून (नोडागणिक चालणारे डेमनसेटचे पॉड वगळून) ड्रेन, क्युबलेटचं पॅकेज, सिस्टमडीचा (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रणालीचा) डेमन-रीलोड, क्युबलेट रीस्टार्ट, अनकॉर्डन. एम्प्टीडिर (पॉडपुरती तात्पुरती साठवण) वापरणारे पॉड असतील तर ‘डिलीट-एम्प्टीडिर-डेटा’ही लागतो, आणि तो डेटा खरोखर जातो.

अनकॉर्डननंतर नोड बराच वेळ रिकामा दिसेल. गेलेले पॉड आपणहून परतत नाहीत. हवे असतील तर डिप्लॉयमेंटला (रेप्लिकासेट सांभाळणाऱ्या घटकाला) ‘रोलआउट रीस्टार्ट’ द्या.