घाट आला, एसी बंद कर

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाचं पहिलं वळण आलं की वडील काही न बोलता हात पुढे करायचे आणि एसीचं बटण बंद करायचे. 800 सीसीची गाडी, आत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि वर आंब्याची पेटी. मागच्या सीटवर कुरकुर सुरू व्हायची, काचा खाली जायच्या, ट्रकचा धूर आत यायचा. पण बटण दाबताच बॉनेटखाली एक बारीक ‘टक्’ ऐकू यायचं आणि लगेच इंजिनाचा आवाज मोकळा व्हायचा, डोक्यावरची पाटी उतरवल्यावर हमाल श्वास सोडतो तसा.

ते ‘टक्’ म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच सुटल्याचा आवाज. घरातल्या एसीच्या कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. पेट्रोल-डिझेल गाडीत सहसा ती नसते. इंजिनाच्या पुलीवरून एक रबरी पट्टा कॉम्प्रेसरच्या पुलीला फिरवतो. ही पुली कायम फिरत असते, आतला दांडा मात्र क्लचमधल्या विद्युतचुंबकाने पकडल्यावरच फिरतो. म्हणजे एसी लावला की इंजिनाच्या गळ्यात आणखी एक काम पडतं: गॅस दाबायचं.

आणि हे काम किरकोळ नाही. एक टनाचा एसी ज्या दराने उष्णता बाहेर फेकतो तो साडेतीन किलोवॉट असतो, आणि तेवढ्यात एक छोटी खोली आरामात गार होते. गाडीची केबिन त्या खोलीच्या पावपटही नसते, तरी तिला जवळपास तेवढाच, कधी जास्तच मोठा एसी लागतो. चारी बाजूंनी काच, वर तापलेला पत्रा, आणि उन्हात उभी केल्यावर आतली हवा 60 अंशांच्या घरात. हे सगळं पाच-दहा मिनिटांत थंड व्हावं अशी आपली अपेक्षा. त्यासाठी छोट्या गाडीतला कॉम्प्रेसर इंजिनाकडून साधारण दोन किलोवॉट, म्हणजे पावणेतीन अश्वशक्ती ओढतो. मोठ्या गाडीत आणखी जास्त.

आता कुणीही म्हणेल, गाडी 37 अश्वशक्तीची, त्यातले पावणेतीन गेले तर काय एवढं? गोम इथेच आहे. माहितीपत्रकात छापलेले 37 अश्व इंजिन मिनिटाला 5000 फेरे मारत असतानाच हजर असतात. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी 35 च्या वेगाने, इंजिन जेमतेम 2000 फेऱ्यांवर असतं. तिथे पेडल पूर्ण दाबलं तरी हातात येतात साडेअकरा किलोवॉट, पंधरा-सोळा अश्वशक्ती.

खर्चाची बाजू बघा. माणसं आणि सामान धरून गाडी 1000 किलोची. रस्ता बारा मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढतो असं धरलं, तर नुसतं वजन वर न्यायला आठ किलोवॉट लागतात. टायरच्या घर्षणाला आणखी सव्वा-दीड. झाले साडेनऊच्या आसपास. शिल्लक उरली दोन, आणि एसी मागतो तेही दोन. त्यात गिअरबॉक्स आपली दलाली कापून घेतो ती वेगळीच. म्हणून वेगाचा काटा हळूहळू घसरायला लागायचा आणि गाडी ‘ओढत नाही’ असं वाटायचं. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला गाडीचं दीड-दोन किलोवॉटमध्ये भागतं, तिथे शिल्लक भरपूर, एसी जाणवतच नाही. मोठ्या इंजिनाच्या गाडीला घाटातही न जाणवण्याचं कारण तेच.

खरं तर दुसरा उपाय वडिलांच्या डाव्या हाताखाली होता. दुसरा गिअर टाकला असता तर त्याच वेगाला इंजिन 3200 फेऱ्यांच्या आसपास गेलं असतं, ताकद दीडपटीच्या वर गेली असती आणि एसी खुशाल चालू राहिला असता. पण इंजिन ओरडायला लागलं की पेट्रोल जळतंय असं वाटणारी ती पिढी.

आजच्या गाड्यांत ही कामं संगणक करतो. सिग्नलला उभे असताना एसी लावून बघा. आरपीएमचा काटा किंचित दबतो आणि लगेच पहिल्यापेक्षा थोडा वर जाऊन बसतो. इंजिन बंद पडू नये म्हणून हवा-पेट्रोल आपोआप वाढवलेलं असतं. ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलात तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर काही सेकंद आपोआप सुटतो. जाळीतून हवा गारच येत राहते, त्यामुळे पत्ताही लागत नाही. पंखा चारवरून एकवर आणून पिकअप वाढतो ही मात्र समजूतच. पंखा बॅटरीवर फिरतो. पट्ट्यावरचा भार लगेच हलका होत नाही.

ॲव्हरेजचं गणित याहून गमतीचं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच इंजिन कामाला लावतं. त्यामुळे कॉम्प्रेसर अखंड चालला तर तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातं. क्लच मधूनमधून सुटतो म्हणून अर्धा लिटर धरू. एसी किलोमीटर मोजत नाही, तो घड्याळ बघतो. महामार्गावर ताशी 80 ने 20 चं ॲव्हरेज देणारी गाडी एसी लावल्यावर 18 च्या आसपास येईल. तीच गाडी शहरातल्या कोंडीत ताशी 15 ने रखडत 12 देत असेल, तर तिथे साडेआठवर उतरेल. काचा खाली करून पेट्रोल वाचवायचं असेल तर ते शहरातच. महामार्गावर उघड्या काचांमुळे हवेचा अडथळा वाढतो आणि वाचलेलं तिकडे जातं.

दुसऱ्या गिअरचा हिशेब मी मागे वडिलांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. म्हणाले, “बरोबर असेल. पण गाडी तापली असती त्याचं काय?”

ह्यात ते बरोबर होते. एसीने केबिनमधून उपसलेली उष्णता जिथे बाहेर पडते ती कंडेन्सरची जाळी रेडिएटरच्या बरोबर पुढे असते. घाटात वेग कमी, समोरून येणारा वारा कमी, इंजिन पूर्ण जोरात, आणि रेडिएटरला मिळते ती आधीच गरम झालेली हवा. मे महिन्यात, पाच माणसांनिशी, तापमानाचा काटा वर सरकायला एवढं पुरतं. असं झालं तर एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर ओततो. आम्ही एकदा केलंय हे, खंबाटकीतच. आंब्याची पेटी घरी पोचेपर्यंत पिकली.