समाधानी माणूस आणि सोसणारा माणूस

आमच्याकडे एखादी बाई दारुड्या नवऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं चकार शब्द न काढता राहिली, की लोक कौतुकानं म्हणतात, "किती समाधानी आहे!" रावेर-यावलकडे उन्हाळी वादळात केळीचा बाग आडवा होतो, आणि पंचनामा व्हायच्या आत कुणीतरी बांधावर येऊन सांगतो, "आहे त्यात समाधान मानावं भो." सांगणाऱ्याचा स्वतःचा बाग बहुधा उभा असतो.

अडचणी संपत नाहीत, मग टिकाऊ सुख शक्य आहे का, या प्रश्नाचा विचका इथेच होतो.

आनंदाचं फार सांगायला नको, तो सगळ्यांना ठाऊक आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी भर वैशाखातल्या उन्हात झोके घेतात, गाणी म्हणतात, मग सासरी परततात. तो आनंद खराच असतो, पण तो बारा महिने टिकावा अशी कुणाची अपेक्षा नसते. टिकू शकतं ते समाधान.

इथे व्याख्यात्यांचा एक लाडका दाखला खोडून काढतो. "लॉटरी लागलेला आणि अपघातात पांगळा झालेला, दोघं शेवटी सारखेच सुखी होतात," असं ते ठोकून देतात. 1978 सालच्या मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या त्या अभ्यासात लॉटरीवाले होते 22 आणि अपघातग्रस्त 29. सुखाची मोजपट्टी 0 ते 5 होती. लॉटरीवाल्यांची सरासरी 4.00, सामान्य लोकांची 3.82 आणि अपघातग्रस्तांची 2.96 आली. म्हणजे पैशानं फारसा फरक पडला नाही, पण आघातानं पडला. तरीही अपघातग्रस्त वाटलं होतं तितके खचलेले नव्हते. खरी बातमी एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

आता मूळ घोळ. समाधानी माणूस आणि सोसणारा माणूस बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, कारण दोघंही गप्प असतात. 1967 साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका होती. त्यांतले बरेच कुत्रे उठलेच नाहीत, पडून झटके खात राहिले. आपला गावकरी तिथे असता तर त्यानं त्यांनाही समाधानी ठरवलं असतं.

याच्या उलट धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची पाणी वाटून घेण्याची जुनी फड पद्धत पाहा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, गावची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली आणि एका फडात एकच पीक. पाणी कमी आलं की कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवी. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत असल्यानं तूट एकट्यावर पडत नसे. नदीत पाणी नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. पण आहे ते पाणी कुठे न्यायचं, याची खटपट सोडली नव्हती. मी समाधान म्हणतो ते हे.

फरक ओळखायचा असेल तर त्या माणसापुढे एखादी वाट ठेवून बघा. समाधानी माणूस ती नाकारेलही, पण आधी नीट बघेल. सोसणारा बघतच नाही, आणि दुसरा कुणी त्या वाटेनं निघाला तर त्याला ते खुपतं. "आम्ही नाही का सोसलं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुनेला हे ऐकवणाऱ्या सासूला कृपा करून समाधानी म्हणू नका. दुसरं असं, की समाधानी माणूस "मला फार त्रास होतोय" हे मोकळेपणी बोलतो, रडतोसुद्धा. दुःख लपवलं म्हणजे समाधान आलं, असं मानणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगावंसं वाटेना, अशी गत आठवडेच्या आठवडे राहिली तर तिथे या दोन्हींचा संबंध नाही. तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला समाधान शिकवत बसू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.